दोन फटक्यांच्या मधल्या वेळात मुलं काय शिकतात

तेरा वर्षांच्या मुलीला गोल्फ शिकायला पाठवावं का, त्यातून पुढच्या आयुष्यात उपयोगी पडेल असं काही तिच्या हाती लागेल का, आणि ती व्यावसायिक खेळाडू होणार नसेल तर इतका वेळ या खेळाला देण्यात अर्थ आहे का, असं एका पालकांनी विचारलं आहे. मी लहान आणि किशोरवयीन मुलांना गोल्फ शिकवते, त्यामुळे हा प्रश्न नेहमी कानावर येतो. ‘गोल्फ संयम शिकवतो, शिस्त शिकवतो’ हे त्यावरचं ठरावीक उत्तर मला पुरेसं वाटत नाही. खेळ आपोआप काहीच शिकवत नाही. गोल्फ खेळून चिडकी, आपमतलबी आणि खोटं बोलण्यात तरबेज झालेली मुलंही असतात. म्हणून हा खेळ शिकवतो कुठे आणि कसा, हे जरा सविस्तर सांगते.

आधी एक साधा हिशेब मांडू. अठरा होलची (होल म्हणजे मैदानावरचा एक टप्पा, आणि त्याच्या शेवटी चेंडू घालायचा खड्डाही) फेरी चालत खेळायला साधारण चार तास लागतात. एका स्विंगला, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) फिरवून फटका मारायला, दोन सेकंदही लागत नाहीत. म्हणजे एखाद्या मुलीने शंभर फटके मारले, तरी प्रत्यक्ष मारण्याचा वेळ साडेतीन मिनिटांच्या आतच भरतो. उरलेला सगळा वेळ चालण्यात, वाट बघण्यात, चेंडू शोधण्यात, अंतर जोखण्यात आणि मघाच्या चुकीबद्दल मनात कुढण्यात जातो. बॅडमिंटन किंवा क्रिकेटमध्ये शटल किंवा चेंडू अंगावर येतो, विचार करायला सवड नसते, शरीर आपोआप हालचाल करून मोकळं होतं. गोल्फचा चेंडू मात्र गवतात पडून असतो. तुम्ही पोहोचेपर्यंत तो कुठे जात नाही. त्यामुळे भीती, हाव, राग, बढाई, सबबी या सगळ्यांना मनात मोकळं रान मिळतं. गोल्फमध्ये शिकण्यासारखं जे काही आहे ते या मधल्या वेळातच आहे, असं माझं मत आहे.

त्यातली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे कोणी बघत नसताना आपण कसे वागतो. समजा, तिचा चेंडू झाडीत गेला. सोबतचे खेळाडू आपापल्या चेंडूकडे लांब गेलेत. ती एकटीच गवत बाजूला सारून शोधते आहे. चेंडू सापडतो, पण एका मुळाला टेकलेला. बुटाच्या टोकाने तो चार बोटं सरकवला तर जगात कोणालाही कळणार नाही. इतर बहुतेक खेळांत चूक पकडायला पंच असतो आणि पंचाच्या नजरेतून सुटलं की ते चालून जातं. गोल्फचे नियम याच्या उलट बाजूने सुरू होतात. खेळाडूने स्वतःचा नियमभंग स्वतः ओळखावा आणि स्वतःवर दंड लावून घ्यावा, अशी अपेक्षा नियमांच्या पहिल्याच प्रकरणात लिहिलेली आहे.

अमेरिकी गोल्फपटू बॉबी जोन्स यांची १९२५ची यूएस ओपन गोल्फस्पर्धा मी प्रत्येक मुलाला सांगते. पहिल्या फेरीत, गवतातून फटका मारायच्या तयारीत असताना त्यांचा चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कोणी ते पाहिलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी आजूबाजूला चौकशी केली, पण कोणालाच काही दिसलेलं नव्हतं. जोन्स मात्र आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले आणि त्यांनी एका फटक्याचा दंड घेतला, म्हणजे स्वतःचा एक फटका वाढवून घेतला; गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो जिंकतो. चार फेऱ्यांनंतर त्यांची विली मॅकफार्लेन यांच्याशी बरोबरी झाली. निर्णायक सामना छत्तीस होलपर्यंत लांबला आणि जोन्स एका फटक्याने हरले. तो दंड घेतला नसता तर सामना खेळायची वेळच आली नसती. पुढे लोक कौतुक करू लागले तेव्हा, मी बँक लुटली नाही म्हणूनही माझं असंच कौतुक कराल, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं, असं सांगितलं जातं.

गोष्ट ऐकून मुलं भारावतात, पण तेवढ्याने ती प्रामाणिक होत नाहीत. प्रत्यक्ष मैदानावर काय करायचं हा वेगळा भाग आहे. नऊ-दहा वर्षांची मुलं सातऐवजी सहा सांगतात तेव्हा अनेकदा ते खोटं नसतं, त्यांचा हिशेबच चुकलेला असतो. अशा वेळी मी मुलाला तिथल्या तिथे पुन्हा मोजायला लावते, तेही जागा सांगत: टीवरून (होल सुरू करायची जागा) एक, झाडाजवळून दोन, बंकरमधून (वाळूचा खड्डा) तीन, बंकरमधूनच पुन्हा चार. आकडा लक्षात नसला तरी जागा लक्षात असतात, आणि मोजता मोजता राहिलेला फटका मूल स्वतःच सांगतं. त्यावर मी शाबासकीही देत नाही आणि रागावतही नाही. कार्डावर बरोबर आकडा लिहिला की विषय संपतो. प्रामाणिकपणा ही विशेष कर्तबगारी नसून रोजची साधी गोष्ट आहे, हे त्या निर्विकारपणातून मुलांपर्यंत पोहोचतं.

जाणूनबुजून लबाडी करणारी मुलंही भेटतात. त्यांच्या मागे बहुतेक वेळा एक मोठं माणूस उभं असतं, जे फेरी संपल्या संपल्या पहिला प्रश्न विचारतं, ‘किती झाले?’ आकड्यावर घरातलं वातावरण ठरणार असेल, तर मूल आकडाच दुरुस्त करायला शिकतं. त्यात त्या मुलाचा स्वभाव शोधण्यात वेळ घालवू नये.

दुसरी गोष्ट आहे अन्यायाची, आणि ती मुलांना पचायला सर्वांत जड जाते. चेंडू जसा पडला असेल तसा खेळायचा, हे गोल्फचं मूळ तत्त्व. आता बघा, मुलीने आयुष्यातला सर्वांत सुंदर ड्राइव्ह, म्हणजे टीवरचा लांब फटका, मारला. चेंडू फेअरवेच्या (टी ते होलपर्यंतचा कापलेल्या गवताचा पट्टा) मधोमध गेला आणि आधीच्या कोणीतरी उकरून ठेवलेल्या खळग्यात जाऊन बसला. या खळग्याला डिव्हॉट म्हणतात, आणि त्यातून चेंडू उचलायची मुभा नियम देत नाहीत. त्याच होलवर तिच्या मैत्रिणीचा वेडावाकडा फटका झाडावर आपटून उलटा फेअरवेवर येतो. चांगल्या कामाला शिक्षा आणि वाईट कामाला बक्षीस! असं दर फेरीत दोन-चार वेळा घडतं.

यावर ‘नशिबाची साथ हवी’ असं म्हणून सोडून देणं मला पटत नाही. मी मुलांना दोन वेगळे प्रश्न विचारायला शिकवते. फटका कसा मारलास? आणि चेंडू कुठे गेला? पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या हातात आहे, दुसऱ्याचं अर्धंच. काही महिने हे केलं की मुलं स्वतःहून म्हणू लागतात, ‘मारला चांगला होता, गेला वाईट जागी.’ कृती आणि फळ यांच्यात अशी फट पाडता येणं ही मोठी कमाई आहे. परीक्षेचा निकाल, नोकरीची मुलाखत, मोडलेली मैत्री, सगळीकडे तिला ते लागणार आहे. आणि हो, मैत्रिणीच्या बाबतीतही हाच नियम. झाडावर आपटून चेंडू आत आला तर तो फटका चांगला होता असं म्हणायचं नाही, आणि स्वतःच्या बाबतीत तर मुळीच नाही.

चेंडू झुडपात असा अडकला की मारता येणार नाही, तर तो न खेळण्याजोगा आहे हे ठरवायचा अधिकार फक्त खेळाडूचा. तिथे एका फटक्याचा दंड घेऊन पुढे जायला तीन वाटा आहेत: आधीच्या फटक्याच्या जागी परत जायचं, होल आणि चेंडू यांच्या सरळ रेषेत मागे यायचं, किंवा दोन क्लबांच्या लांबीत बाजूला चेंडू टाकायचा. मुलांना हा दंड घेणं अजिबात आवडत नाही. ती झुडपातूनच मारतात, चेंडू आणखी आत जातो, पुन्हा मारतात, आणि एकाच्या जागी चार फटके जातात. पहिला तोटा मान्य न केल्यामुळे पुढचे तीन होतात. मोठी माणसंही हेच करतात, फक्त ती झुडपात उभी नसतात.

याच संदर्भात फ्रेंच गोल्फपटू जाँ व्हान द व्हेल्ड यांचं नाव निघतं. १९९९च्या ब्रिटिश ओपनमध्ये, स्कॉटलंडमधल्या कार्नूस्टी मैदानाच्या शेवटच्या होलवर ते तीन फटक्यांनी पुढे होते. सहा फटक्यांत होल संपवला असता तरी विजेतेपद त्यांचं होतं. त्यांनी टीवरून ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायचा क्लब) घेतला, दुसरा फटका ग्रीनच्या (होलभोवतालचं गुळगुळीत गवत) दिशेने मारला. तो प्रेक्षकांच्या स्टँडवर आपटून दाट गवतात पडला. तिसरा पाण्याच्या ओढ्यात गेला. ते बूट काढून पाण्यात उतरले, पण शेवटी दंड घेऊन बाहेरच चेंडू टाकला. पुढचा फटका बंकरमध्ये. अखेर सात फटके झाले आणि निर्णायक फेरीत पॉल लॉरी जिंकले. मुलं ऐकताना हसतात, तेव्हा मी त्यांना थांबवते. तो सातवा फटका काही फुटांचा पट (ग्रीनवर चेंडू घरंगळवत होलमध्ये घालायचा फटका) होता आणि इतकं सगळं होऊनही त्यांनी तो होलमध्ये घातला, म्हणून निदान निर्णायक फेरी तरी मिळाली. यातून मुलांनी घ्यायचं ते एवढंच: फटक्याआधी ‘इथून सर्वांत वाईट काय होऊ शकतं आणि ते मला परवडेल का’ हे स्वतःला विचारायचं. तेरा-चौदाच्या वयात हा प्रश्न विचारायची सवय लागणं फार मोलाचं आहे, कारण पुढच्या पाच-सात वर्षांत तिच्यासमोर गोल्फपेक्षा कितीतरी गंभीर निर्णय येणार असतात.

एकाग्रतेबद्दल गैरसमज खूप आहेत. चार तास सलग एकाग्र राहणं कोणालाच जमत नाही आणि त्याची गरजही नसते. नियमांत शिफारस आहे की आपली पाळी आली आणि अडथळा नसला, की चाळीस सेकंदांत फटका मारावा. तेवढ्या वेळापुरतं पूर्ण लक्ष द्यायचं. चेंडूच्या मागे उभं राहून दिशा बघणं, एक सराव स्विंग, पवित्रा घेणं, फटका. दर वेळी हाच क्रम. फटका झाला की लक्ष सैल सोडायचं, गप्पा मारायच्या, आभाळ बघायचं, पाणी प्यायचं. लक्ष बांधणं आणि सोडणं ही दोन्ही कौशल्यं आहेत, आणि मुलांना दुसरं जास्त शिकवावं लागतं. अभ्यासाला बसलेल्या मुलालाही हेच उपयोगी पडतं.

रागाचंही तसंच. ‘रागावू नकोस’ असं मी कधीच सांगत नाही, कारण राग येतोच. माझ्याकडे एकच नियम आहे: क्लब बॅगेत जाईपर्यंत चिडायची मुभा, क्लब बॅगेत गेला की तो फटका संपला. क्लब आपटला किंवा फेकला तर त्या दिवसाचा खेळ तिथेच थांबतो. यात मी सूट देत नाही, कारण फेकलेल्या क्लबने बाजूच्या मुलाला गंभीर इजा होऊ शकते.

आता अपेक्षांबद्दल, कारण हुशार आणि मेहनती मुलं हा खेळ सोडतात ती बहुधा इथे. शाळेत शंभरपैकी पंचाण्णव मिळवायची सवय असलेली मुलगी गोल्फमध्ये येते आणि आठ फुटांवरचा पट चुकला की तिला वाटतं, आपण नापास झालो. मग मी तिला सांगते की आठ फुटांवरून जगातले अव्वल पुरुष व्यावसायिक खेळाडूही साधारण निम्मेच पट घालतात. निम्मे! होलचा व्यास जेमतेम १०८ मिलिमीटर असतो आणि गवत कधी सारखं नसतं. हे कळल्यावर मुलांचे खांदे खरोखर सैल पडतात.

हँडिकॅपचं गणितही मी मुद्दाम समजावून सांगते. हँडिकॅप म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा. २०२०पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी सर्वोत्तम आठ फेऱ्यांवरून तो काढतात. म्हणजे वीसपैकी बारा दिवस हिशेबात धरलेच जात नाहीत. हा आकडा तुमची सरासरी सांगत नाही, तुमच्या चांगल्या दिवसांची कुवत सांगतो. त्यामुळे बहुतेक दिवशी तुम्ही स्वतःच्या हँडिकॅपपेक्षा वाईटच खेळणार, हे त्या पद्धतीतच गृहीत धरलेलं आहे. साधारण दिवसाला अपयश म्हणू नये, हे किशोरवयीन मुलांना पटवायला मला याहून चांगलं साधन सापडलेलं नाही.

भारतीय गोल्फपटू अदिती अशोक यांचा खेळ मुलींना मी आवर्जून दाखवते. त्या लांब फटके मारणाऱ्या खेळाडूंपैकी नाहीत. बऱ्याच प्रतिस्पर्धी टीवरून त्यांच्या कितीतरी पुढे चेंडू टाकतात. तरी २०२१मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्या चौथ्या आल्या आणि पदक एका फटक्याने हुकलं. कसं? ग्रीनजवळचा खेळ आणि पटिंग यांच्या जोरावर. दुसऱ्यांकडे जे आहे ते माझ्याकडे नाही, यावर झुरत बसण्यापेक्षा माझ्याकडे काय आहे ते मी कोणत्या उंचीला नेऊ शकते, याचं हे जिवंत उदाहरण आहे. उंची, ताकद, रूप या बाबतीत सतत तुलना होण्याच्या वयात मुलींना त्याची फार गरज असते.

अपयशानंतर उभं राहण्याबद्दल उत्तर आयर्लंडच्या रोरी मॅकिलरॉय यांचं उदाहरण सगळे देतात आणि ते योग्यच आहे. २०११च्या मास्टर्समध्ये (अमेरिकेतली मोठी गोल्फस्पर्धा) शेवटच्या दिवशी चार फटक्यांची आघाडी घेऊन उतरलेल्या या तरुणाने ८० फटके घेतले आणि सगळं गमावलं. दोनच महिन्यांनी त्याने यूएस ओपन आठ फटक्यांनी जिंकली. गोष्ट सहसा इथे थांबवतात. मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो: तीच मास्टर्स जिंकायला त्याला २०२५ उजाडावं लागलं. काही जखमा दोन महिन्यांत भरतात, काहींना चौदा वर्षं लागतात, आणि त्या मधल्या काळातही माणूस काम करत राहू शकतो. मुलांना दोन्ही सांगायला हवं.

इतरांशी वागण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण ते मैदानावर पाऊल ठेवल्यावर लगेच दिसतं. बंकर सारखा करून बाहेर पडायचं, ग्रीनवर चेंडूने पडलेला खड्डा बुजवायचा, दुसऱ्याच्या पटच्या रेषेवर पाय ठेवायचा नाही, कोणी मारत असताना बोलायचं नाही. मागून येणाऱ्या, आपण कधी भेटणारही नाही अशा माणसाची सोय बघायची. एक फायदा मात्र सांगायलाच हवा. हँडिकॅपनुसार फटक्यांची सूट मिळते, त्यामुळे तेरा वर्षांची मुलगी साठीच्या काकांशी बरोबरीने सामना खेळू शकते. अनोळखी मोठ्या माणसासोबत चार तास चालणं, नीट बोलणं, हरल्यावर टोपी काढून हात मिळवणं हे तिला तिथे सहज जमू लागतं. मोठ्यांशी बोलताना चाचरणारी मुलं एका वर्षात बदललेली मी पाहिली आहेत.

आणि कार्ड. स्पर्धेत प्रत्येक खेळाडूचं कार्ड दुसरा खेळाडू लिहितो आणि शेवटी खेळाडू स्वतः तपासून सही करतो. १९६८च्या मास्टर्समध्ये रॉबर्टो डी विसेन्झो यांच्या सतराव्या होलवर तीनऐवजी चार लिहिले गेले. लिहिले होते सोबतच्या खेळाडूने, पण विसेन्झो यांनी न तपासता सही केली. नियमाप्रमाणे तो वाढीव आकडाच कायम झाला, निर्णायक फेरीची संधी गेली आणि बॉब गोल्बी विजेते ठरले. विसेन्झो यांनी चूक स्वतःची मानली, सोबत्याला बोल लावला नाही. सही करण्याआधी वाचायचं, आणि सही केली की ती आपली, हे माझ्या विद्यार्थ्यांना त्या गोष्टीनंतर वेगळं सांगावं लागत नाही.

व्यावसायिक होणार नसेल तर काय, या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: बहुतेक मुलं होत नाहीत. त्या आशेवर पाठवणार असाल तर पाठवू नका, कारण ती आशा मुलीच्या खांद्यावर ओझं होऊन बसेल आणि वर सांगितलेलं काहीच तिच्या वाट्याला येणार नाही. याच गोष्टी दुसऱ्या खेळातून, संगीतातून, गिर्यारोहणातूनही शिकता येतात. तिला गोल्फ आवडत नसेल तर संस्कारांच्या नावाखाली ओढून नेऊ नका.

आवडत असेल, तर सुरुवातीचे काही महिने स्कोअर लिहूच नका. पटिंग आणि चिपिंगपासून (ग्रीनजवळचे छोटे फटके) सुरुवात करू द्या, मग होलला जवळ असलेल्या पुढच्या टीवरून नऊ होल. दुसरा एखादा खेळही चालू राहू द्या. बॅग तिची तिने उचलावी, कार्ड तिच्या हाताने लिहावं. फेरीनंतर आकडा विचारू नका. ‘आज कोणता फटका पुन्हा मारावासा वाटतो?’ किंवा ‘कुठे अडकलीस आणि काय ठरवलंस?’ असं विचारा आणि ती सांगेल ते ऐकून घ्या. लगेच सुधारणा सुचवू नका. स्पर्धा तिने स्वतः मागितल्यावर. तिथे तुम्ही तिच्या कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारा मदतनीस) नसाल तर जरा अंतर राखून चाला, कारण एकट्याने खेळायच्या स्ट्रोक प्ले (एकूण फटके मोजायच्या) स्पर्धेत खेळाडूने कॅडीशिवाय इतर कोणाकडे सल्ला मागितला तर दोन फटक्यांचा दंड बसतो, आणि अडचणीत सापडलेली मुलगी आधी आई-बाबांच्याच चेहऱ्याकडे बघते.